जंजिऱ्याच्या बेगमेची जपानी पेटी

जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, अबू तलालचं फर्निचरचं दुकान आहे. त्या दुकानात सिराजुद्दीन वीसेक वर्षं बोलत होता. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, धंदा 'विक्रेता' असा लिहिलेला होता, पण विकायचं काम सोफे आपले आपण करत. सिराज बोलायचा, गिऱ्हाईक ऐकता ऐकता दमून सोफ्यावर बसायचं, आणि एकदा बसलेलं माणूस तो सोफा घेतल्याशिवाय क्वचितच उठायचं.

या बोलण्याचं मुख्य भांडवल म्हणजे एक पेटी. काळी कुळकुळीत, झाकण घुमटासारखं फुगीर, अंगभर शिंपल्याचे तुकडे जडवलेले. अबू तलालच्या आजोबांनी ती कुणा व्यापाऱ्याकडून घेतली होती, याहून जास्त माहिती खुद्द अबू तलालला नव्हती. पेटी विकायची नव्हती. ती दाराशी ठेवायची, लोक कुतूहलानं आत येत, आणि मग सिराज त्यांना ताब्यात घेई.

सिराज मुरूडजवळच्या मजगावचा. लहानपणापासून समोर जंजिरा किल्ला बघितलेला. त्यामुळे पेटीची गोष्ट रचायला त्याला लांब जावं लागलं नाही. जंजिऱ्याच्या नवाबाच्या मुलीला लग्नात दिलेली ही पेटी. बेगमसाहेब हजला निघाल्या, जेद्दाच्या तोंडाशी तुफान झालं, गलबत बुडालं, आणि पेटी तेवढी तरंगत किनाऱ्याला लागली. कधी पेटीवर बेगम बसलेली असे, कधी बेगम आणि दोन दासी. रमजानच्या गर्दीत एकदा दासी पाच झाल्या होत्या आणि बेगमेच्या मांडीवर एक मांजरही होतं. गिऱ्हाईक इराकी असो, मलबारी असो की पाकिस्तानी, मांजराला सगळे हळहळायचे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना २०१८ साल उजाडलं आणि सौदीकरणाचं वारं बलदच्या गल्लीत शिरलं. हुकूम निघाला की नव्या हिजरी वर्षापासून फर्निचरच्या दुकानांत गिऱ्हाइकाशी बोलायला सौदी माणूस हवा. परदेशी विक्रेत्यांनी दुसरा धंदा बघावा नाहीतर आपलं गाव. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला नूरुद्दीन, बाणकोटचा, तीन दिवस गप्प राहिला. चौथ्या दिवशी एका बाईला डिनरसेटच्या बश्या किती पातळ आहेत हे उजेडात धरून दाखवत होता, आणि ती बाई तपासनिसांपैकी निघाली. नूरुद्दीन आता बाणकोटला आहे.

सिराजची पाचावर धारण बसली. त्याची मुलगी सुहाना बारावीत होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, इथल्याच इंडियन शाळेत. मधेच उचलून मजगावला नेलं तर वर्ष फुकट. निदान मार्चपर्यंत जेद्दात टिकायचं, बाकी काही नको, एवढंच मागणं त्यानं अल्लाकडे मागितलं आणि अबू तलालकडेही.

अबू तलाल मनाचा चांगला. त्यानं कुठे कुठे फिरून सिराजच्या इकाम्यावरचा धंदा बदलून आणला. आता तिथे लिहिलेलं होतं, 'लाकडी सामान दुरुस्ती कारागीर'.

"पण मला तर खिळा ठोकता येत नाही," सिराज म्हणाला.

"तुला बोलता येतं ना? मग ते बंद कर," अबू तलाल म्हणाला. "मागच्या पडद्याआड बस. हातात ब्रश धर. कुणी आलं तर लाकडाकडे बघत राहा. यल्ला, लाग कामाला."

सिराजनं आयुष्यात पुष्कळ अवघड कामं केली होती, पण लाकडाकडे नुसतं बघत राहण्याइतकं अवघड काम त्यानं पाहिलं नव्हतं.

पुढच्या काउंटरवर हनूफ आली. विशीतली सौदी मुलगी, जेद्दाचीच, विद्यापीठात वारसावस्तूंचा अभ्यास करून आलेली. चष्मा, अबाया, हातात टॅब. सिराज तिला अदबीनं 'उस्ताजा' म्हणे, म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं. ती त्याला अरबी रिवाजानं 'या सिराज' म्हणे, म्हणजे 'अरे सिराज'. पहिल्याच दिवशी तिनं पेटीसमोर बैठक मारली, झाकण उघडलं, बोटानं शिंपले चाचपले, टॅबवर शे-दीडशे चित्रं पाहिली आणि जाहीर केलं की ही जपानी.

"जपानी?" सिराज पडद्याआडून म्हणाला. "जपानी गाडी असते, उस्ताजा. पेटी जंजिऱ्याची."

हनूफनं मग त्याला सगळं समजावलं. चारशे वर्षांपूर्वी गोव्याकडून पोर्तुगीज लोक जहाजं घेऊन जपानला जात. तिथे एका झाडाच्या चिकाचं रोगण लाकडावर थरावर थर देऊन असं काळं, काचेसारखं काम करत. पण जपानी लोकांना बसकी, चपटी खोकी आवडायची. पोर्तुगीजांना हव्या होत्या आपल्या खलाशांच्या असतात तशा फुगीर झाकणाच्या पेट्या. जपानी म्हणाले, तुमचं झाकण, आमचं रोगण. वर शिंपल्याचं जडावकाम केलं, ते गुजरातेतल्या कामासारखी, कारण पोर्तुगीज गिऱ्हाइकाची नजर त्याला सरावलेली. अशा शेकडो पेट्या युरोपात गेल्या. राजेलोक त्या महालात ठेवत, पाद्री त्यात देवाच्या वस्तू ठेवत.

"आणि या कामाला जपानी लोक काय म्हणत, माहीत आहे?" ती म्हणाली. "दक्षिणेकडच्या रानटी लोकांचं काम. गिऱ्हाइकालाच रानटी म्हणत."

"तोंडावर?"

"ते माहीत नाही."

"तोंडावर म्हणत नसणार," सिराज म्हणाला. वीस वर्षांचा अनुभव होता त्याचा. "मग पुढे?"

"पुढे जपानच्या सरकारनं पोर्तुगीजांना देशाबाहेर काढलं. एकूणएक."

"म्हणजे खुरूज निहाई." कायमचा परत जाण्याचा शिक्का, इथल्या भाषेत. चारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीजांबद्दल इतकं वाईट सिराजला कधी वाटेल असं वाटलं नव्हतं. "सगळ्यांनाच काढलं?"

"डच लोकांना ठेवलं. नागासाकीला एक एवढंसं बेट होतं, त्यावर. पलीकडे जायला एकच पूल आणि पुलावर पहारा."

"त्यांना का ठेवलं?"

"पोर्तुगीज धर्माबिर्माचं सांगत बसायचे. डच आपला व्यापार करत आणि तोंड बंद ठेवत."

सिराजनं ब्रश उचलला आणि लाकडाकडे बघायला लागला.

आता हनूफचं असं होतं की तिला सगळं खरं माहीत होतं आणि ती सगळं खरं सांगायची. सन, शतक, थरांची संख्या, रोगण दमट हवेत वाळतं की कोरड्या, सगळं. गिऱ्हाइकं अदबीनं माना हलवायची, 'माशाल्ला' म्हणायची आणि सोफ्याला न शिवता निघून जायची. पडद्यामागे सिराजच्या जिवाची तगमग होई. एक गिऱ्हाईक तर शतकाच्या मध्यावरच जांभई देऊन गेलं. सिराजनं तोंडात रुमाल कोंबला.

दुकान बंद करताना त्यानं हनूफला सांगितलं, "उस्ताजा, तुमचं खरं आहे. पण त्यात एखादं माणूस घाला. नुसतं रोगण ऐकून कोण बसेल?"

"मी खोटं सांगणार नाही."

"खोटं नको. एखादी बाई घाला. बुडू नका देऊ हवं तर."

हनूफनं चष्मा पुसला आणि दिवे मालवले.

घरी बिलकिस नवऱ्याच्या नव्या धंद्यावर खूश होती. "आज किती बोललात?" जेवताना तिनं विचारलं.

"काय नाय."

"अल्लाची मेहेरबानी," ती म्हणाली. "मी लग्न करून आलंय तवापासून हा दिवस बघायचा होता."

"अब्बा, प्लीज, कुछ तो रिपेअर करो," सुहाना पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. "इन्स्पेक्टरनं विचारलं तर काय दाखवणार? ब्रश?"

पोरीचं बरोबर होतं. गल्लीत तपासनीस फिरत होते, आणि इकाम्यावर कारागीर लिहिलेल्या माणसाला ते हल्ली सरळ म्हणत, दाखव काय दुरुस्त केलंस. सिराज रात्रभर विचार करत राहिला. आपल्याला लाकडाचं काय येतं? काहीच नाही. पण लहानपणी ईदच्या आधी घरातल्या पेट्या, पाट, दारं असं सगळं लाकूड पुसून खोबरेल लावायचं काम त्याच्याकडे असे. मजगावात कुठल्याही लाकडाला झालेल्या कुठल्याही दुखण्यावर हाच इलाज होता. माणसांच्याही बऱ्याच दुखण्यांवर तोच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हनूफ नमाजाला गेली होती. सिराजनं पेटी उचलून मागच्या अंगणात नेली. बिलकिसच्या माहेरच्या घाण्याचं खोबरेल, फडकं बुडवून बुडवून, झाकणाला, बाजूंना, शिंपल्यांच्या खाचाखाचांत चोळलं. बाहेर भट्टी पेटल्यागत ऊन होतं. पेटी अशी चमकली की त्यात सिराजला स्वतःची दाढी दिसली. चारशे वर्षांत हिला कुणी तेल लावलं नसणार, बिचारीला, असं त्याला वाटलं, आणि पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी काम झालं म्हणून तो मनापासून सुखावला. जुनी चादर टाकून त्यानं पेटी पडद्यामागे नेऊन ठेवली, आणि हनूफनं विचारलं तेव्हा पुसायला घेतलीय म्हणून सांगितलं.

अबू तलालला एसी सोळावर लागतो. त्या दुकानात सप्टेंबरातही लोक खांदे आखडून बसतात. आणि खोबरेल थंडीत गोठतं, हे मजगावच्या माणसाला सांगायची गरज नाही. सिराजच्या स्वतःच्या घरी हिवाळ्यात तेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवावी लागायची, ठेवायचाही तोच. पण घरातलं ज्ञान दुकानात आणायची त्याला सवय नव्हती. गावाला पेटीला तेल लावलं तर ते जिरून जातं. इथे ते थिजेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर तपासनीस आला. पांढराशुभ्र पायघोळ थोब, कोवळी दाढी, आवाज मऊ. मऊ आवाजाचे जास्त वाईट, असं गल्लीचं मत होतं. त्यानं अबू तलालला सलाम केला, हनूफचे कागद पाहिले, आणि पडद्याआड डोकावला.

"दुरुस्ती कारागीर?"

सिराजनं मान हलवली.

"हल्ली बलदमध्ये कारागीर फार झालेत," तपासनीस म्हणाला. "मागच्या महिन्यात सगळे विक्रेते होते. काय दुरुस्त करतोस, दाखव."

सिराजनं चादर ओढली, आणि त्याच्या अंगाला त्या सोळाच्या एसीत दरदरून घाम फुटला. पेटी पांढरी झाली होती. तांदळाच्या पिठात लोळवून काढावी तशी. अबू तलालनं भिंत धरली. आजोबांची पेटी होती ती.

सिराजच्या मनात एकाच वेळी सगळं आलं. मार्च महिना, बोर्डाची परीक्षा, सुहानाचा वह्यांवर वाकलेला चेहरा, विमानतळ. आणि त्याच्या मागून, वीस वर्षांच्या सवयीनं, जिभेवर जंजिऱ्याची बेगम येऊन उभी राहिली. समुद्राच्या मिठानं पेटी पांढरी झाली, साहेब, असं वाक्य पूर्ण तयार होऊन दातांपर्यंत आलं. एवढं एक वाक्य बाहेर पडलं असतं तर तपासनिसाला दुसरा पुरावा लागला नसता. सिराजनं ओठ दाबून धरले.

"हात लावू नका," मागून आवाज आला. हनूफ होती. तिनं तपासनिसाच्या बाजूनं पुढे होऊन टॅबचा उजेड पेटीवर तिरका धरला. "लावलेलं अजून बसलेलं नाही. इथे बघा."

सगळे वाकले. खोबरेल थिजलं होतं ते सगळ्यात जास्त बारीक खाचांत. आणि झाकणावर, जिथे वीस वर्षं कुणाला काळ्याशिवाय काही दिसलं नव्हतं, तिथे पांढऱ्या रेघांचं चित्र उमटलं होतं. एक वेल, तिची पानं, आणि वेलीवर मान वळवून बसलेला एक पक्षी.

"हे सोनेरी होतं," हनूफ म्हणाली. "हातांनी झिजून गेलं. कारागिरानं सुईसारख्या टोकानं कोरलेल्या रेघा तेवढ्या राहिल्या. साध्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. त्या शोधायची रीत या सिराजकडे आहे. हिंदुस्तानच्या ज्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची जहाजं थांबत, तिथलं याचं गाव. याच्या पणजोबांचे पणजोबा कप्तानांच्या पेट्या दुरुस्त करत. एका कप्तानाची बायको तिकडे वारली, तिच्या पेटीवरचा पक्षी पुसला गेला होता. कप्तान म्हणाला, एवढा पक्षी मला परत दाखवा, मग मी जहाज हाकारतो. तेव्हापासून ही रीत यांच्या घराण्यात आहे. दुसऱ्या कुणाकडे नाही."

सिराजच्या पणजोबांच्या पणजोबांनी आयुष्यभर मासे वाळवले होते. पण त्या क्षणी त्या कप्तानासाठी सिराजच्याच डोळ्यांत पाणी आलं. अबू तलाल तर नाक शिंकरत होता.

तपासनीस हळू आवाजात म्हणाला, "कशानं केलंस हे?"

सगळं दुकान सिराजकडे पाहायला लागलं. सिराजनं तोंड उघडलं.

"तेल," तो म्हणाला, आणि तोंड मिटलं.

आयुष्यात त्यानं केलेलं हे सगळ्यात छोटं भाषण. तपासनीस थोडा वेळ वाट पाहत राहिला, आणखी काही येत नाही असं बघून त्याचा चेहरा निवळला.

"हा खरा कारागीर," तो अबू तलालला म्हणाला. "विक्रेता असता तर अजून बोलत असता." मग जाता जाता दारात थांबून म्हणाला, "माझ्या आजीची एक पेटी आहे. सागाची, पितळी खिळ्यांची. बिजागरी गेली आहे. मी शनिवारी पाठवतो."

तो गेल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हनूफनं मात्र लगेच मऊ कापड मागवलं, आणि पेटीला पुन्हा कधी असलं काही लावलंस तर तपासनिसाला मी स्वतः बोलावीन, असं सिराजला बजावलं. तेल पुसायला दोघांना तीन दिवस लागले. त्याआधी तिनं पक्ष्याचे फोटो काढून घेतले.

"उस्ताजा, तुम्ही थाप मारलीत," त्याच संध्याकाळी पुसता पुसता सिराज म्हणाला.

"रेघा खऱ्या आहेत," हनूफ म्हणाली. "मी फक्त माणूस घातला."

सिराजला हसू आलं. थाप फर्मास होती. बेगमेपेक्षा चांगली होती. त्यात मांजर घालायचीसुद्धा गरज नव्हती.

घरी आल्यावर बिलकिसनं विचारलं, "नोकरी रवली?"

"रवली."

"मग तोंड उतरलेलं कशाला?"

"माझं काम ती करते आता. माझ्यापेक्षा बरं करते. मी पडद्यामागं."

"आमी बायकांनी किती वर्सं पडद्यामागं काढली," बिलकिस त्याच्या ताटात मासा वाढत म्हणाली. "मेलो काय? खा."

शनिवारी आजीची पेटी खरोखरच आली, आणि मग पळवाट उरली नाही. गल्लीच्या टोकाला हुसेनमियाँ म्हणून जुने कोकणी सुतार बसत. सिराज रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागला. सरस कसा शिजवायचा, बिजागरी कशी बसवायची, शिंपला चिमट्यानं कसा धरायचा. हुसेनमियाँ शिकवताना बोलत नसत आणि शिकणाऱ्यालाही बोलू देत नसत. सिराजनं दोन बोटं ठेचून घेतली, एक करवत मोडली, आजीची बिजागरी दोनदा उलटी बसवली. पण बसवली. आजीनं खजूर पाठवले, आणि पाठोपाठ तिच्या बहिणीची पेटी.

पुढे दुकानात गिऱ्हाईक पुन्हा बसू लागलं. हनूफ आता सन कमी सांगे. जपानमधला एक म्हातारा कारागीर तिनं गोष्टीत आणला होता, ज्यानं समुद्रच पाहिला नव्हता आणि तरी जन्मभर जहाजवाल्यांसाठी पेट्या केल्या. ऐकता ऐकता लोक सोफ्यावर टेकत. सिराज पडद्यामागून ऐकायचा. सुरुवातीला त्याला हेवा वाटायचा, तो लपवायचाही नाही. नंतर नंतर, सरस वाळायची वाट बघताना, तिचं बोलणं चालू असलं की त्याचा वेळ बरा जायचा.

मार्चमध्ये सुहानाची परीक्षा झाली. शेवटच्या पेपरच्या आठवड्यातच किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका कारखान्यातले इंजिनियर विजयकुमार आणि त्यांची बायको चित्रा, मूळचे नाशिकचे, दुकानात आले. सिराज त्या दिवशी पेटी पुढे आणून तिच्या कडेचा एक निसटता शिंपला बसवत होता. त्यानं हुसेनमियाँला फोनवर मराठीत काहीतरी विचारलं, ते चित्रानं ऐकलं.

"अय्या, तुम्ही मराठी?" ती म्हणाली. "मग काका, तुम्हीच सांगा ना या पेटीचं. त्यांचं इंग्रजी मला भराभर कळत नाही."

सिराजनं हनूफकडे पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि मराठी समजणारा तपासनीस अजून जन्माला यायचा होता. हनूफला शब्द कळले नाहीत, पण मागणी कळली. तिनं हातानंच खूण केली, सांग. स्वतःचा स्टूलही त्याच्याकडे सरकवला.

सहा महिने तो या घडीची वाट पाहत होता. आपली भाषा, आपली माणसं, समोर पेटी. तो स्टूलवर बसला, घसा साफ केला, आणि जुन्या सवयीनं झाकणावर हात ठेवला.

"ही पेटी," तो म्हणाला.

चित्रा सोफ्याच्या कडेला टेकली. विजयकुमारांनी मोबाइल खिशात घातला. सिराजचं बोट झाकणावरून सरकत कडेला आलं आणि तिथे थांबलं.

"इथे हात लावू नका हां," तो म्हणाला. "सरस ओला आहे. आत्ताच शिंपला बसवलाय."

दोघं थांबून राहिली. सिराजही थांबून राहिला, पुढे काय येतं ते बघत. बेगम आली नाही, गलबत आलं नाही. त्याला दिसत होती ती शिंपल्याखालची फट, आणि ती अजून केसभर उघडी होती.

"आणि गोष्ट?" चित्रानं विचारलं.

"गोष्ट या सांगतात, ताई. हळू सांगायला लावतो त्यांना," सिराज म्हणाला, आणि स्टूल हनूफकडे परत सरकवून चिमटा उचलला. "मी दुरुस्तीवाला."